मातीचा जमाखर्च : मृद्‌संधारणाचे आर्थिक मूल्य टप्प्याटप्प्याने कसे काढावे

एक हेक्टर शेतावरून एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तर शेतकऱ्याच्या डोळ्याला काहीही कळत नाही. पण ती माती दहा घनमीटर भरते आणि तिचे वजन सुमारे तेरा टन होते. भारतात दरवर्षी हेक्टरी सरासरी १६.३५ टन, म्हणजे एकूण सुमारे ५३३.४ कोटी टन माती जागेवरून सुटते, असा अंदाज १९८३ मध्ये ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी मांडला होता. त्यांच्या हिशेबाप्रमाणे यातील सुमारे २९ टक्के माती समुद्राला मिळते, १० टक्के धरणांत साचते आणि उरलेली एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन पडते. हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात, परंतु बांधबंदिस्तीवर हेक्टरी पंधरा हजार रुपये खर्च करावेत की नाही, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. ते उत्तर ज्याला हवे आहे त्याच्यासाठी, म्हणजे पाणलोट समितीचे सदस्य, कृषी सहायक, संस्थांचे कार्यकर्ते, अभ्यासक आणि स्वतःच्या शेताचा हिशेब मांडू पाहणारा शेतकरी यांच्यासाठी, हा लेख आहे. उदाहरणे दख्खनच्या पठारावरील अवर्षणप्रवण पट्ट्यातील, म्हणजे पुरंदर, माण, सांगोला, पारनेर अशा तालुक्यांत आढळणाऱ्या कोरडवाहू शेतीची घेतली आहेत.

पहिला टप्पा : प्रश्न नेमका करणे

मातीला एकच एक किंमत नसते. शेतकऱ्याला हा खर्च परवडेल का, हा एक प्रश्न आहे. सरकारने त्यासाठी अनुदान द्यावे का, हा दुसरा. आणि खालच्या तलावाचे आयुष्य किती वाढेल, हा तिसरा. प्रत्येकासाठी लाभ वेगळा, किमती वेगळ्या आणि व्याजाचा दरही वेगळा असतो. शेतकऱ्याच्या हिशेबात युरियाची किंमत म्हणजे दुकानात तो जी मोजतो ती. समाजाच्या हिशेबात मात्र सरकारने भरलेले अनुदानही त्या किमतीत मिळवावे लागते. म्हणून कागदावर पहिली ओळ लिहायची ती हीच की, हा हिशेब कोणाच्या बाजूने, किती क्षेत्राचा आणि किती वर्षांचा आहे.

याच वेळी तुलना कशाशी करायची तेही ठरवावे लागते, आणि सर्वाधिक अहवाल इथेच फसतात. काम होण्यापूर्वीचे उत्पन्न आणि झाल्यानंतरचे उत्पन्न यांची वजाबाकी करणे चुकीचे आहे, कारण मधल्या काळात पाऊस, बियाणे, बाजारभाव सारेच बदललेले असते. दुष्काळी वर्षाची तुलना चांगल्या पावसाच्या वर्षाशी केली, तर कोणताही बांध सोन्याचा ठरतो. खरी तुलना ‘काम केले तर’ आणि ‘काम केले नाही तर’ या दोन स्थितींमध्ये करायची असते. काम केले नाही तर जमीन आहे तशी राहत नाही, ती दरवर्षी थोडी थोडी उतरत जाते, हे येथे विसरता कामा नये. व्यवहारात यासाठी त्याच शिवारातील, त्याच प्रतीच्या आणि तेवढ्याच उताराच्या बांध नसलेल्या शेतांची नोंद त्याच हंगामात घ्यावी.

दुसरा टप्पा : किती माती वाचते ते मोजणे

रुपयांकडे वळण्यापूर्वी टनांचा आकडा हवा. त्यासाठी जगभर वापरले जाणारे सूत्र विशमायर आणि स्मिथ यांनी अमेरिकेत विकसित केले आणि १९७८ मध्ये त्याची विस्तृत पुस्तिका प्रसिद्ध झाली. पावसाची मारक शक्ती, मातीची धूपप्रवणता, उताराची लांबी व तीव्रता, पिकाचे आच्छादन आणि संधारणाचे उपाय या घटकांचा गुणाकार करून हेक्टरी वार्षिक धूप काढली जाते. २२.१३ मीटर लांबीचा आणि ९ टक्के उताराचा तुकडा हे त्याचे प्रमाण मानले आहे. बांध घातल्याने उताराची लांबी तुटते, पण लांबी निम्मी झाली म्हणून धूप निम्मी होत नाही. १ ते ३ टक्के उतारावर लांबीचा घातांक ०.३ धरतात, त्यामुळे लांबी निम्मी केल्यास या एका घटकामुळे धूप सुमारे १९ टक्क्यांनीच घटते. उरलेला परिणाम समतल मशागतीने, आच्छादनाने आणि बांधामागे माती थांबल्याने साधतो. केवळ नांगर-पाभर उताराला आडवी चालवण्याला पैसा लागत नाही आणि तिचा परिणाम मोठा असतो, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

आपल्याकडील रब्बी ज्वारीच्या शेतांबाबत आच्छादनाचा घटक काळजीपूर्वक निवडावा. ही पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये साठलेल्या ओलीवर होते, त्यामुळे जून ते सप्टेंबर हे पावसाचे महिने शेत कुळवून उघडे ठेवलेले असते. पीक उभे असताना धूप नगण्य असते, सारी हानी पीक नसताना होते. वर्षाची सरासरी काढताना पुस्तकातून ‘ज्वारी’ म्हणून दिलेला आकडा उचलला तर धूप फार कमी दिसेल. शिवाय हे सूत्र केवळ पृष्ठभागावरची आणि लहान ओघळींची धूप सांगते. घळीची धूप आणि नाल्याच्या काठाची पडझड त्यात येत नाही.

सूत्राला शेतावरील खुणांची जोड द्यावी. जुन्या बांधाच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या जमिनीच्या पातळीतील फरक, जुन्या झाडांची उघडी पडलेली मुळे, किंवा ज्या शेततळ्यात व सिमेंट नाला बांधात गाळ साठला आहे त्यातील गाळाचे घनफळ, ही सर्व मोजता येतात. गाळाचे घनफळ त्याच्या घनतेने गुणावे, वरच्या पाणलोटाच्या हेक्टरांनी भागावे आणि बांध किती वर्षांचा आहे त्याने पुन्हा भागावे, म्हणजे वार्षिक आकडा मिळतो. नव्याने साचलेला गाळ शेतातील मातीपेक्षा हलका असू शकतो, म्हणून त्याची घनता नमुना वाळवून मोजावी. लोखंडी खुंट्या रोवून पातळी मोजण्याची पद्धतही सोपी आहे, पण काळ्या जमिनीत ती फसवते: ओली झाली की ही जमीन फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. तेथे दोन्ही मोजण्या एकाच ओलीच्या स्थितीत, उदाहरणार्थ दोन्ही वर्षी मे महिन्यात, घ्याव्यात.

तिसरा टप्पा : टनांचे रुपये करणे

पुढील सर्व आकडे रीत समजावण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या शिवारातील खरे आकडे त्यांच्या जागी घालावेत. समजा, एका हेक्टरवर बांध नसताना वर्षाला १५ टन माती जाते आणि बांध घातल्यावर ५ टन जाते. वाचलेली माती १० टन. तिची किंमत काढण्याच्या तीन प्रमुख रीती आहेत आणि त्या तिघींची उत्तरे इतकी वेगळी येतात की वाचणारा गोंधळून जातो.

पहिली रीत अन्नद्रव्यांची भरपाई धरते. मातीत एकूण नत्र ०.०५ टक्का असेल, तर १० टनांत ५ किलो नत्र गेले. ४५ किलोची युरियाची गोणी २६६.५० रुपयांना मिळते आणि तिच्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असते. त्यामुळे शेतकऱ्याला नत्र किलोला सुमारे १२.८७ रुपयांनी पडते. पाच किलोचे झाले ६४ रुपये. मृदा आरोग्य पत्रिकेवरील ‘उपलब्ध’, म्हणजे पिकाला लगेच घेता येणारे नत्र धरले, तर उत्तर आणखी खाली येते. पत्रिकेत हेक्टरी १८० किलो लिहिले असेल आणि वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २,००० टन धरले, तर दहा टनांत जेमतेम ०.९ किलो नत्र, म्हणजे १२ रुपये. एकूण आणि उपलब्ध यांतील हा पाचपट फरक अहवालात स्पष्ट लिहिला नाही, तर एकाच शेताचे दोन हिशेब जुळत नाहीत. शिवाय वाहून जाणाऱ्या मातीत बारीक कण आणि सेंद्रिय पदार्थ मूळ मातीपेक्षा अधिक प्रमाणात असतात, म्हणून शेतातील नमुन्याऐवजी शक्यतो साचलेल्या गाळाचा नमुना तपासावा.

दुसरी रीत मातीच परत आणण्याचा खर्च धरते. महाराष्ट्रात ही रीत विशेष उपयोगी आहे, कारण २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे तलावातील गाळ शेतात टाकण्याचा व्यवहार गावोगावी लोकांच्या परिचयाचा झाला आहे आणि त्यातून मातीला एक प्रत्यक्ष भाव मिळतो. दहा टन गाळ, घनता घनमीटरला १.२ टन धरल्यास, ८.३ घनमीटर होतो. १०० घनफुटांच्या ब्रासच्या मापात सुमारे तीन ब्रास. भरणी, वाहतूक आणि पसरणी मिळून ब्रासला ७०० रुपये धरले, तर २,१०० रुपये. एकाच दहा टन मातीची किंमत पहिल्या रीतीने १२ किंवा ६४ रुपये आणि दुसऱ्या रीतीने २,१०० रुपये निघते. माझ्या मते मृद्‌संधारणाच्या मूल्यमापनातील सर्वांत महत्त्वाचा धडा या तफावतीत आहे. अनुदानित खताच्या भावाने माती मोजली की ती कवडीमोल दिसते, कारण त्या मोजणीत मातीची खोली, तिची पाणी धरून ठेवण्याची शक्ती आणि मुळांना मिळणारी जागा यांपैकी काहीच येत नाही. मुरमावर अर्धा-पाऊण फूट माती असलेल्या हलक्या जमिनीत पीक तगते ते या खोलीवर. युरिया तिची जागा घेऊ शकत नाही. दुसऱ्या रीतीची मर्यादाही ध्यानात ठेवावी: गाळ टाकणे शेतकऱ्याला खरोखर परवडत असेल आणि तो ते करीत असेल, तेव्हाच त्या खर्चाला मूल्य म्हणता येते. जे कोणी करणारच नाही त्याचा खर्च म्हणजे फक्त एक आकडा आहे.

तिसरी रीत उत्पन्नातील फरकाची आहे, आणि शेतकऱ्याच्या प्रश्नासाठी मी तिलाच प्राधान्य देईन. बांधामुळे ओल मुरते, पीक वाढते आणि वर्षानुवर्षे होणारी घट थांबते. हे सारे शेवटी खळ्यावर दिसते. एक मिलिमीटर पाऊस हेक्टरी दहा हजार लिटर पाणी देतो, त्यामुळे वाहून जाणाऱ्यातला ३० मिलिमीटर पाऊस शेतातच मुरला तर तीन लाख लिटरची ओल वाढते. तिचा परिणाम मोजताना केवळ धान्य धरू नये. ज्वारीच्या बाबतीत कडब्याचे मोल मोठे असते आणि टंचाईच्या वर्षी तर कडब्याचा शेकड्याचा भाव घराच्या हिशेबात धान्याच्या बरोबरीने मोजला जातो.

या तीन रीतींची बेरीज कधीही करू नये. उत्पन्नातील वाढीत ओल, अन्नद्रव्ये आणि खोली यांचा परिणाम आधीच आलेला असतो. वर पुन्हा खताची किंमत मिळवली तर तोच लाभ दोनदा मोजला जातो. जमिनीच्या भावातील फरक पाहण्याची आणखी एक रीत आहे, परंतु आपल्याकडे खरेदीखतात लिहिलेली रक्कम, रेडी रेकनरचा दर आणि बिगरशेतीची आशा यांमुळे त्या भावात मातीचा वाटा ओळखणे कठीण जाते.

चौथा टप्पा : खर्चाची बाजू

खर्चात आखणी, मजुरी किंवा यंत्राचे भाडे, सांडव्याची दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर), दरवर्षीची डागडुजी आणि बांधाखाली गेलेली जमीन हे सारे येते. शेवटची बाब शेतकरी कधीच विसरत नाही, अहवाल मात्र बहुतेक वेळा विसरतात. त्याच्या जोडीला बांधावरचे गवत, शेवरी किंवा बोरी यांपासून मिळणारा चारा व फळे लाभाच्या बाजूला लिहावीत. जमिनीची जात पाहिल्याशिवाय खर्च धरू नये: खोल काळ्या जमिनीत समतल बांधांना भेगा पडून ते फुटतात आणि बांधालगत पाणी तुंबून पीक पिवळे पडते, म्हणून तेथे पाणी हळूहळू बाहेर काढणारे ढाळीचे बांध किंवा शेताचे लहान कप्पे पाडणारी कप्पेबंदी सुचवली जाते आणि तिचा खर्च निराळा असतो.

समाजाच्या बाजूने हिशेब करताना मजुरीला वेगळे वागवावे लागते. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे उभी केली आणि १९७७ मध्ये या हमीचा कायदा केला. त्या कामांत बांधबंदिस्तीचा वाटा मोठा होता. ज्या हंगामात माणसाला दुसरे काम नसते, त्या हंगामातील त्याच्या श्रमामुळे समाजाचे दुसरे काही हुकत नाही, म्हणून ती मजुरी सामाजिक हिशेबात पूर्ण खर्च म्हणून न धरता कमी धरली जाते. मात्र यंत्राने काम केले, तर ही सवलत लागू होत नाही.

पाचवा टप्पा : वर्षे आणि व्याज

बांधाचा खर्च आज होतो आणि लाभ पंधरा वर्षे येत राहतो. उद्याचा रुपया आजच्या रुपयाहून हलका असतो, म्हणून पुढच्या प्रत्येक वर्षाचा लाभ वटाव दराने कमी करून आजच्या मोलात आणावा लागतो. आता आपले एक हेक्टर घेऊ. ज्वारी दहा क्विंटल, भाव ३,००० रुपये, म्हणजे ३०,००० रुपये, आणि कडबा १२,००० रुपये, एकूण ४२,०००. बांधाच्या ओलीमुळे १२ टक्के वाढ धरली, तर ५,०४० रुपये अधिक. त्यातून बांधाखाली गेलेल्या ३ टक्के जमिनीचे १,४११ रुपये, वाढीव काढणी-मळणीचे ६०० आणि डागडुजीचे ८०० वजा केले की वर्षाला २,२२९ रुपये उरतात. याशिवाय, बांध नसता तर दरवर्षी मूळ उत्पन्नाच्या एक टक्का, म्हणजे ४२० रुपयांची घट होत गेली असती असे धरू. दुसऱ्या वर्षी ४२०, तिसऱ्या वर्षी ८४० अशी वाचलेली ही घट लाभात मिळवावी. बांधाचा खर्च १५,००० रुपये.

आठ टक्के वटाव दराने पंधरा वर्षांच्या लाभाचे आजचे मोल ३९,१९१ रुपये येते, म्हणजे खर्च वजा जाता २४,१९१ रुपये निव्वळ वर्तमान मूल्य आणि २.६१ हे लाभ-खर्च गुणोत्तर, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक रुपयामागे २.६१ रुपयांचा लाभ. बारा टक्क्यांनी तेच निव्वळ मूल्य १४,४२८ रुपयांवर येते. आता वाचलेली घट हिशेबातून काढून टाकावी आणि फक्त ओलीचा लाभ ठेवावा: आठ टक्क्यांनी ४,०७९ रुपये उरतात आणि बारा टक्क्यांनी अवघे १८१. बांधाचा बहुतेक निव्वळ फायदा, जी हळूहळू होणारी हानी कोणालाच दिसत नाही, ती थांबवण्यात आहे, हे या एका वजाबाकीतून समोर येते. शेवटी सावकाराचा दर, महिना दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस, घालून पाहावा. घट धरूनही निव्वळ मूल्य उणे १२१ रुपये येते. ज्या शेतकऱ्याला याच दराने पैसा उभा करावा लागतो, त्याने बांध घातला नाही तर तो अडाणी नसून त्याचा हिशेब बरोबर असतो. अशा ठिकाणी उपदेश निरुपयोगी आहे. स्वस्त कर्ज किंवा अनुदान यांमुळेच निर्णय बदलतो.

गणकयंत्रावर हे करणे अवघड नाही. संगणकाच्या तक्त्यात एका स्तंभात वर्षे, दुसऱ्यात निव्वळ लाभ आणि तिसऱ्यात त्या लाभाला एक अधिक दर याच्या वर्षांइतक्या घाताने भागून आलेले मोल लिहावे आणि तिसऱ्या स्तंभाची बेरीज करावी.

सहावा टप्पा : बांधाच्या खाली काय घडते

शेतातून सुटलेली सारी माती तलावात जात नाही. बरीचशी वाटेत बांधाशी, खोलगट भागात आणि नाल्याच्या तळाशी थांबते. गावतलावासारख्या जवळच्या साठ्यासाठी वाचलेल्या दहा टनांपैकी ३० टक्के तेथे पोहोचली असती असे धरले, तर हेक्टरी ३ टन, म्हणजे अडीच घनमीटर गाळ टळला. पाचशे हेक्टरांच्या पाणलोटात तो वर्षाला १,२५० घनमीटर होतो आणि काढणीचा खर्च घनमीटरला ६० रुपये धरल्यास ७५,००० रुपये. हीच रीत मोठ्या धरणाला लावू नये, कारण तेथील गाळ उपसणे सहसा परवडत नाही. तेथे गाळामुळे गमावलेल्या साठवणुकीतून न मिळालेल्या पाण्याचे मोल धरावे. गाळ काढण्याचा खर्च आणि गमावलेले पाणी यांपैकी एकच घ्यावे. धरणाच्या आखणीत गाळासाठी मृत साठा, म्हणजे वापरात न येणारी तळाची जागा, राखून ठेवलेला असतो, त्यामुळे काही हानी लगेच न होता पुष्कळ वर्षांनी होते आणि वटावामुळे तिचे आजचे मोल कमी दिसते, हेही नोंदवावे.

विहिरींच्या पाण्याचा लाभ मोजताना विशेष सावधगिरी हवी. वरच्या शिवारात अडलेले आणि मुरलेले पाणी खालच्या गावाला पूर्वी मिळत होते. पाणलोटाची सीमा एका गावापुरती आखली, तर वरच्या गावाचा लाभ जमेला येतो आणि खालच्या गावाची उणीव कोठेच नोंदली जात नाही. कमी पावसाच्या तालुक्यांत ही चूक क्षुल्लक नसते. वाढलेल्या विहिरीच्या पाण्यावर कोणी ऊस लावला, तर त्या उसाचे सारे उत्पन्न मृद्‌संधारणाच्या नावावर घालू नये. त्या पाण्यावर एरवी जे पीक घेतले असते त्याच्याशी तुलना करावी.

सातवा टप्पा : लाभ कोणाच्या पदरात पडला

गुणोत्तर २.६१ आले म्हणजे प्रत्येकाला तेवढे मिळाले असे होत नाही. उतारावरच्या हलक्या जमिनीच्या मालकाची जागा बांध-चरांत जाते, पायथ्याच्या विहीरवाल्याला पाणी मिळते आणि चराई बंद झाल्याने शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीन कुटुंबाचे नुकसान होते. म्हणून लाभ-खर्चाचा तक्ता वरची जमीन, खालची जमीन, विहीर असलेले, भूमिहीन आणि शासन अशा स्तंभांत तोडावा. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात देवस्थानच्या सोळा हेक्टर उजाड डोंगरउतारावर माती व पाणी अडवून जे काम उभे केले, त्यातून पुढे आलेल्या पाणीपंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्राऐवजी घरातील माणसांप्रमाणे ठरवला आणि भूमिहीनांनाही तो हक्क दिला. ज्या अहवालात वाटपाचा स्तंभ असतो, त्यालाच अशा नियमाचे आर्थिक मोल दाखवता येते.

आठवा टप्पा : आकडे हलवून पाहणे आणि लिहून ठेवणे

ज्या गृहीतांवर उत्तर सर्वाधिक अवलंबून आहे ती ओळखून एकेक बदलून पाहावीत. आपल्या उदाहरणात ती तीन आहेत: ओलीमुळे होणारी वाढ, दरवर्षीची घट आणि वटाव दर. वाढ १२ ऐवजी ६ टक्के आली तर काय, बांध सातव्या वर्षी फुटला तर काय, हे प्रश्न अहवालातच विचारून त्यांची उत्तरे तेथेच द्यावीत. भाव स्थिर धरले असतील तर वटाव दरही महागाई वगळलेला असावा. एकात महागाई आणि दुसऱ्यात नाही, असे झाले की सारा हिशेब तिरपा होतो.

शेवटी प्रत्येक आकड्यासमोर तो मोजलेला आहे, विचारून घेतलेला आहे की धरलेला आहे, हे लिहावे, तसेच गट नंबर, जमिनीची खोली, उतार आणि त्या वर्षीचा पाऊसही नोंदवावा. बांधाच्या वर आणि खाली तीन-तीन ठिकाणी मातीची खोली मोजून जागा खुणेने कायम करावी, म्हणजे पाच वर्षांनी येणाऱ्याला त्याच ठिकाणी पुन्हा मोजता येईल आणि आज धरलेल्या एक टक्का घटीच्या जागी शेतातला आकडा घालता येईल.